दिवेलागणीला दारात

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते, आणि ते खोटं नाही. जेवतानाही मी मध्येच उठून गॅसवरचं दूध बघून येते, गॅसवर दूध नसलं तरी. मी उपकेंद्रात नर्स आहे. घर मुरुमला, उपकेंद्र माकणीच्या बाजूच्या एका गावात, आणि मधला रस्ता रोज स्कूटीवर. तासभर जायला, तासभर यायला. लग्न झालं नाही. का झालं नाही ते आमच्या गल्लीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणून मी सांगत बसत नाही. घरात आई, आबा, दादा आणि मी.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, चाळिशी ओलांडलेला. बोलत नाही, जन्मापासूनच. आपण बोललेलं त्याला बरंचसं कळतं. दिवसभर त्याचा कुणाला त्रास नाही. ज्वारी निवडून देतो, टाकी भरली की नळ बंद करतो, आबांच्या गुडघ्याला तेल लावतो. पण दिवेलागण झाली की तो दारात जाऊन उभा राहायचा आणि मग घरात काय होईल ते सांगता यायचं नाही. कधी काहीच नाही. कधी आत येणाऱ्याचे केस धरायचा, ढकलायचा, चावायचा. सगळ्यात जास्त मला. माझ्या डाव्या दंडावर त्याच्या दातांच्या दोन खुणा अजून आहेत.

हे मुरुमला आल्यावर सुरू झालं. त्याआधी आमची मेंढरं होती आणि माकणीच्या धरणाच्या पाण्याकडेनं आमचा सगळा वावर. आबांचे गुडघे गेले तशी मेंढरं विकली आणि दवाखाना जवळ म्हणून भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. आईचं म्हणणं, जागेचा दोष. शेजारणीचं म्हणणं, अवस. माझं म्हणणं काहीच नव्हतं. मला फक्त संध्याकाळी घरात शिरून चहा प्यायचा असायचा.

अपंगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या बाई तेव्हा पंधरा दिवसांनी मुरुमला यायच्या. पन्नाशीच्या, एका गुडघ्याला पट्टा, हातात कापडी पिशवी. त्यांनी दादाला पाहिलं, आईचं सगळं ऐकून घेतलं आणि मला एक वही दिली. तिच्यात रकाने आखलेले: तारीख, वेळ, आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर तुम्ही काय केलं.

"सिस्टर, तो उगाच करत नाही," बाई म्हणाल्या. "त्याला काहीतरी हवं असतं नाहीतर नको असतं. ते त्याला सांगता येत नाही. आपल्याला ते शोधायचंय. मारून, कोंडून, गोळ्या देऊन तो गप्प होईल, पण आपल्याला कळणार काहीच नाही. रोजच्या रोज लिहा. क्षुल्लक वाटलं तरी लिहा."

मी हो हो म्हटलं. वह्या आणि रजिस्टरं हा माझा रोजचा धंदा. गरोदर बायांचं वेगळं, तापाचं वेगळं, गृहभेटीचं वेगळं. लसीच्या नोंदीत मी कधी हातचलाखी केलेली नाही, करणारही नाही. पण गृहभेटीचं रजिस्टर शनिवारी एका बैठकीत उतरवून काढायचं, ही माझी जुनी खोड. भेटी दिलेल्या असतात, लिहायला सवड नसते. एका दमात लिहिलंय असं दिसू नये म्हणून मी दोन पेनं वापरते, एक निळं, एक काळं. दादाची वहीही मी तशीच भरली. शनिवारी दुपारी पंख्याखाली बसून आठ दिवस आठवले, जे आठवलं नाही ते आईला विचारलं. आई म्हणाली, "रोजच की गं. सांजच्याला दारात लई माणसं येत्यात-जात्यात, त्येला सोसत न्हाय." मग "आधी काय झालं" या रकान्यात मी ओळीनं लिहीत गेले: दारात वर्दळ, दारात गोंगाट, वर्दळ, वर्दळ, काही नाही, वर्दळ.

बाईंनी वही वाचली आणि त्या वहीवर विसंबून योजना आखली. संध्याकाळी साडेपाचलाच दादाला आतल्या खोलीत न्यायचं, दाराचा आवाज येणार नाही असं बसवायचं, निवडायला मटकी द्यायची. गोंगाट नाही तर त्रास नाही. कागदावर सगळं बरोबर होतं.

पहिल्या दिवशी तो आत गेला आणि दिवे लागले तसा उठून दाराकडं निघाला. आईनं हात धरून परत बसवला. दुसऱ्या दिवशी त्यानं मटकी उधळली. पाचव्या दिवशी आईनं आतून कडी घातली आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली. दादानं तिच्या मनगटाचा असा चावा घेतला की मी घरी आले तेव्हा तिच्या पदराला रक्त होतं आणि आबा भिंतीशी बसून नुसते "आरं, आरं" करत होते. चावलेल्या जखमेला शक्यतो टाके घालत नाहीत. मी साबणाच्या पाण्यानं जखम धुतली, पट्टी केली, दुसऱ्या दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. हात चालत होते, डोकं पेटलेलं होतं.

त्या आठवड्यात मी अर्ज भरला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, येडशीच्याही पुढं, मोठ्या वयाच्या मतिमंदांसाठी एक निवासी आश्रम आहे असं एका ओळखीच्या माणसाकडून कळलं होतं. राहणं, खाणं, शेतावर थोडं काम, सगळं तिथंच. अर्जात कारण विचारलं होतं. मी लिहिलं, हिंसक आहे, घरी सांभाळणं अशक्य. आईला दाखवलं नाही. आबांना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी तंबाखू मळायची थांबवली आणि थोड्या वेळानं परत मळायला लागले. जागा क्वचितच होते असं ऐकलं होतं, पण पत्र पटकन आलं. जागा आहे, महिन्याच्या आत घेऊन या, नाहीतर पुढच्याला देऊ.

म्हणजे माझ्याकडं एक महिना होता, आणि दादाला ते ठाऊकच नव्हतं.

बाई आल्या तेव्हा मी त्यांच्यावर तोंड टाकलं. तुमच्या योजनेनं आईचा हात फुटला म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. मग वही मागितली, पान उघडलं आणि बराच वेळ बघत बसल्या.

"सिस्टर, सोमवार निळा, मंगळवार काळा, बुधवार निळा, गुरुवार काळा. तुमची पेनं पाळीपाळीनं चालतात का?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी रोज दुसऱ्यांना शिकवते, गोळी घेतली त्याच दिवशी खूण करा, मागाहून आठवून करू नका. बाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी एकदा संध्याकाळी येऊन बसायला हवं होतं. मी वहीवर विसंबले."

त्या दिवसापासून मी खरं लिहायला लागले. वही दारामागच्या खिळ्याला टांगली, पेन दोऱ्यानं बांधलं. आत आलं की आधी लिहायचं, मग चहा. मी घरात नसेन तेव्हाचं आई-आबा तोंडी सांगायचे आणि मी उतरवायची. नाहीतरी पत्र येऊन पडलं होतं, निदान एक काम धड करावं, एवढाच विचार होता. दहाएक दिवस झाल्यावर बाई मुद्दाम संध्याकाळी आल्या. आम्ही सगळे बसलो आणि मी मोठ्यानं वाचायला लागले.

सोमवार. मी साडेसहाला आले, फोन चालू होता, दादानं केस धरले. मंगळवार. आई देवळातून आली, काही नाही. समोरची म्हातारी साखर मागायला आली, काही नाही. मी आले, ढकललं. बुधवार. मी आले, काही नाही. गुरुवार. गॅसवाला टाकी घेऊन सरळ आत शिरला, त्याला चावायला गेला. शुक्रवार. मी आले, काही नाही.

"बुधवारी आणि शुक्रवारी वेगळं काय होतं?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही. रस्त्याचं काम चालू होतं, चिखल होता. बूट घालून गेले होते."

"मग?"

"मग काय, दारात बसून बूट काढले. नाड्या सोडायला लागतात. एरवी चप्पल झटकली की आत."

"आणि आई?"

"आईला वाकल्याशिवाय सपातीचा पट्टा सुटत नाही. म्हातारीची तर कंबरच वाकलेली आहे."

आबा भिंतीला टेकून ऐकत होते, ते एकदम सरळ झाले. "त्येला हात लावायचा असतो," ते म्हणाले. "आरं, म्या कसा इसरलो?"

मेंढरांभोवती रात्रीसाठी बांधायची जी जाळी असते, तिला आमच्यात वाघर म्हणतात. आबा मेंढरं हाकत आणायचे आणि वाघरीच्या तोंडाशी दादा उभा असायचा. त्याला आकडे येत नव्हते, पण आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवर त्याचा हात पडायचा. हात पडला की मेंढरू आत. एखादं बगल देऊन शिरलं तर तो त्याची लोकर धरून मागं ओढायचा, हात ठेवायचा आणि मग सोडायचा. कुठलं आलं नाही ते त्याला त्या हातावरून कळायचं.

"समदी आत आल्याबिगर वाघरीचं तोंड बांधू द्यायचा न्हाय त्यो," आबा म्हणाले. "एकदा एक पाट, ल्हान मेंढी, मागं ऱ्हायली, तर जेवला न्हाय. मलाच काठी घिऊन परत जावं लागलं. बावीस वर्सं त्येनं त्येच केलं, पोरी."

मी त्या वेळी दहावी, बारावी, नर्सिंग यांच्या मागं होते. वाघरीच्या तोंडाशी कोण उभं असतं ते बघायला मला सवड नव्हती. आणि आम्ही त्याला नेमकं त्याच वेळी आत कोंडलं होतं, मटकी देऊन. रडू आलं ते मी खोकल्यात घालवलं. बाईंच्या ते लक्षात आलं असणार, पण त्या वहीतच बघत राहिल्या.

नवी योजना दोन ओळींची होती. दादाला दारात उभं राहू द्यायचं. घरात येणाऱ्यानं दारात थांबून थोडं वाकायचं, त्याचा हात पाठीवर पडू द्यायचा, मग आत. बाहेरच्या माणसाला आधी सांगायचं, ऐकत नसेल तर अंगणातूनच वाटेला लावायचं. मी म्हटलं, एवढंच? बाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी हे 'एवढंच' नाही. तुम्ही थांबून दाखवा."

खरंच सोपं नव्हतं. दादा हात ठेवतो आणि लगेच उचलत नाही. मेंढराच्या वेळीही तो असाच करायचा की काय कोण जाणे. खांद्यावर पर्स, हातात औषधांचा डबा, खिशात वाजणारा फोन, आणि मी ओणवी. पहिल्या दिवशी मी दोनच श्वास थांबले आणि सुटले, तर त्यानं वेणी धरली. दुसऱ्या दिवशी दात-ओठ खात थांबले. गल्लीतल्या बाया बघून हसायच्या. एक म्हणाली, "सिस्टर, भावाचा आशीर्वाद चाललाय व्हय?" मी म्हटलं, तुम्ही पण या, फुकट आहे. आणि ती खरंच आली, वाकली. दादानं तिच्याही पाठीवर हात ठेवला. घरात येणाऱ्यांवर त्याचं ओरखडणं, चावणं थांबलं. मी कधी गडबडीत विसरले तेवढ्यापुरतं व्हायचं, आणि ते मी लिहायची.

तरी महिना संपत आला तसे आम्ही निघालो. हे आता लिहिताना मलाच विचित्र वाटतं, पण निघालो. आई सत्तरीला आली, आबा त्याच्याही पुढं. त्यांच्यामागं दादा आणि मी, आणि माझ्यामागं? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता, आणि गेलेली जागा परत मिळत नाही असं सगळे सांगत होते. मी थकले होते हेही खरं. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी नको म्हणणार नाही आणि हो पण म्हणणार नाही. तिथं त्याची संध्याकाळ कशी जाईल ते मात्र बघा." आईला पत्राचं शेवटी सांगावंच लागलं. ती आली नाही. तिनं दादाचे तीन सदरे घडी करून पिशवीत घातले आणि चुलत्यांच्याकडं निघून गेली.

भाड्याची जीप केली. येडशीला चहा प्यायला थांबलो, तिथं आबा म्हणाले, रामलिंगाच्या दर्शनाला जाऊन येऊ का. मी म्हटलं, उशीर होतो. मला नेहमीच उशीर होत असतो. दुपार टळायच्या बेताला पोचलो.

जागा वाईट नव्हती, ते मी आधीच सांगते. झाडलेलं अंगण, रांगेनं खोल्या, स्वच्छ संडास. अधीक्षक बोलायला शांत. माझी कागदपत्रं बघेपर्यंत सूर्य खाली गेला आणि घंटा झाली. आम्ही आलो त्याच लोखंडी फाटकातून तिथली माणसं शेतावरून परत यायला लागली, वीस-पंचवीस जण, कुणाच्या हातात खुरपं, कुणी रिकाम्या हातानं. दादा बाकावर बसला होता. तो उठला, फाटकाशी गेला आणि उभा राहिला. पहिला आला त्याच्या पाठीवर त्यानं हात ठेवला. मी धावणार होते, पण तो माणूस हसला आणि आत गेला. दुसरा, तिसरा. कुणी वाकलं, कुणाला वाकावं लागलंच नाही. एकानं तर दोनदा फेरी मारली. दादाच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी मुरुमला आल्यापासून पाहिलं नव्हतं.

"बघा, हा रमला," अधीक्षक म्हणाले.

मला आनंद व्हायला हवा होता. मला मत्सर वाटला. चार वर्षं चावे मी खाल्ले, आणि ही माणसं आल्या आल्या त्याच्या कळपात. मग स्वतःचीच लाज वाटली. मी त्याची कपड्यांची पिशवी आणायला फाटकाबाहेर जीपकडं गेले. आबा जीपमध्येच बसले होते, गुडघ्यांमुळं उतरले नव्हते. पिशवी घेऊन परत आले तेव्हा सगळे आत गेले होते आणि दादा हात पुढं करून माझ्यासाठी थांबला होता. मी वाकले. त्यानं हात ठेवला, आणि मी आत गेले.

अधीक्षकांनी सहीचा कागद पुढं केला आणि हळू आवाजात म्हणाले, "आत्ताच निघा, मॅडम. तो शांत आहे. त्याच्या समोरून जाऊ नका, गोंधळ होतो. स्वयंपाकघराच्या मागं दार आहे." त्यांच्या सांगण्यात कपट नव्हतं. पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच करतात. दवाखान्यात लेकराला सुई टोचायच्या वेळी मीही आईला नजरेआड व्हायला सांगते. मी सही केली. स्वयंपाकघरातून गेले, तिथल्या बाईनं कडी काढली, आणि मी भिंतीला वळसा घालून जीपमध्ये येऊन बसले. ड्रायव्हरला चला म्हटलं.

"त्येनं हात लावला का तुला?" गाडी सुरू व्हायच्या आत आबांनी विचारलं.

"लावला."

"मंग त्येच्या लेखी तू आत हाईस," आबा म्हणाले. "आता त्यो तुला आतच शोधत बसंल."

एवढं बोलून त्यांनी जीपचं दार उघडलं आणि उतरायला लागले, ज्या गुडघ्यांनी ते दिवसभर उतरले नव्हते त्या गुडघ्यांनी. मी त्यांच्या आधी पळाले.

फाटकाला आतून कडी होती. दादा अंगणात एकेका खोलीत डोकावत होता. माझ्या चपलेचा आवाज त्यानं ओळखला असावा. तो वळला आणि मला गजांच्या बाहेर पाहिलं. आधी त्यानं मागं खोल्यांकडं बघितलं, मग परत माझ्याकडं, जसं काही एकाच माणसाच्या दोन जागा झाल्या होत्या. मग धावत आला आणि गजांतून हात घालून माझे केस धरले. जोरात. माझं डोकं लोखंडावर आपटलं.

"हेच लिहिलं होतंत ना तुम्ही अर्जात?" अधीक्षक त्याला सोडवत म्हणाले.

"मी मागच्या दारानं गेले," मी म्हटलं. "त्यानं काय करायला हवं होतं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग फाटक उघडलं. सहीचा कागद त्यांनी फाडला, वैतागून नाही. म्हणाले, दोन-तीन घरचे लोक असंच आपलं माणूस परत नेतात, वर्षभरानं पुन्हा घेऊन येतात, तेव्हा जागा नसते. ते खरं असेल. माझ्यामागं दादाचं काय, याचं उत्तर मला तेव्हा सापडलं नव्हतं आणि अजूनही सापडलेलं नाही. त्यासाठी मी रोज मनात तडफडते, लोकांना फोन करते, माहिती गोळा करते.

त्या संध्याकाळी मी फक्त फाटकात ओणवी झाले. कपाळावर टेंगूळ आलेलं, केस सुटलेले. दादानं हात ठेवला, पण मला आत जाऊ दिलं नाही. तो स्वतःच बाहेर आला. परतीच्या वाटेवर त्याचा हात माझ्या पाठीवरच होता. त्याच्या हाताला जागा राहावी म्हणून सीटच्या कडेला बसल्यानं माझी कंबर भरून आली, पायाला मुंग्या आल्या, फोन पर्समध्ये वाजत होता. मुरुम येईपर्यंत मी हलले नाही.